पाण्याखालच्या बोटीची गोष्ट सांगणाऱ्या इंदूताई

इंदूताई नेरूरकरांची आणि माझी पहिली ओळख अश्रुधुरात झाली. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. एका दुपारी रस्त्यावर पोलिसांनी नळकांडी फोडली आणि धूर माझ्या वर्गात शिरला. मुली रडू लागल्या. मीही घाबरले होते. शेजारच्या प्रयोगशाळेतून इंदूताई ओल्या फडक्यांची बादली घेऊन आल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि मुलींना विचारू लागल्या, की हा धूर डोळ्यांनाच एवढा का झोंबतो, तळहाताला का नाही? मुली विचारात पडल्या आणि रडायच्या थांबल्या. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या बाईंवर माझा लोभ त्या दिवसापासून जडला.

राज्य झालं त्या वर्षी लालबागच्या एका चाळीने गणेशोत्सवात त्यांना बोलायला बोलावलं. अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीने समुद्राखालून अग्निबाण सोडल्याची बातमी तेव्हा ताजी होती, आणि ताईंना दुसरं काही सुचतच नव्हतं. उत्सवाच्या चिटणिसांना विषय रुचला नाही. नवं राज्य आलंय, त्यावर बोला, परक्यांच्या लढाऊ बोटीचं इथे काय, असं त्यांचं म्हणणं.

ताई शांतपणे म्हणाल्या, “मराठीचं राज्य मागून घेतलंत ना? मग जगात काय चाललंय ते मराठीत सांगून तर बघू. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बोलावू नका.”

शब्दांसाठी त्यांनी मला हाताशी धरलं. मी सुचवलेले निम्मे संस्कृत शब्द त्यांनी परत केले. ‘अणुभट्टी’ मात्र ठेवला. गिरणीतला बॉयलर पाहिलेल्या माणसाला भट्टी समजवावी लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

व्याख्यान चांगलं रंगलं. साध्या पाणबुडीचं डिझेल जाळायला हवा लागते, म्हणून तिला वरचेवर वर यावं लागतं. अणुभट्टीला हवा लागत नाही. तिच्या उष्णतेवर वाफ होते, वाफेवर बोट चालते आणि आठवडेच्या आठवडे खाली राहते. तिच्या पोटात उभ्या नळ्या असतात. नळीतला बाण दाबाने पाण्याबाहेर फेकला जातो आणि मग पेटतो. पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत औषधाचा ड्रॉपर तरंगत ठेवून ताईंनी बरणीच्या तोंडावर रबर ताणून बांधलं होतं. ते दाबलं, की ड्रॉपर खाली जाई. सोडलं, की वर येई. आत विडी ओढू देतात का, असं एका गिरणी कामगाराने विचारलं. “मला माहीत नाही, शोधून सांगते,” असं ताई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना नेहमीच आनंद होई.

मग त्यांनी त्या बोटीचं काम सांगितलं. लपून राहायचं. देशावर घाला पडला, सगळं बेचिराख झालं, तरी ही उरेल आणि उलट मारेल, ही धास्ती शत्रूला राहावी एवढ्यासाठी ती असते. बाण सोडायची वेळ आली, तर तिचं काम फसलंच म्हणायचं. ती कुठे आहे हे कुणालाच कळता कामा नये.

तेव्हा बायकांतून अनसूयाबाई उठल्या. मालवणकडच्या, नवरा गिरणीत. त्यांनी विचारलं, “त्या खलाशांच्या आवशीक तरी कळता काय, बोट खंय आसा ता?”

ताई म्हणाल्या, “नाही. आईलाही नाही.”

“माझो झील मालाच्या बोटीर आसा. शिमग्यापासून खबर नाय,” एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

ताईंनी भाषण तिथेच आवरलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून त्या अनसूयाबाईंना घेऊन फोर्टातल्या बोट कंपनीच्या कचेरीत गेल्या. मीही बरोबर होते. कारकुनाने आधी टोलवलं. ताई बाकावर बसून राहिल्या आणि बोट कुठल्या समुद्रात, कुठल्या बंदराला, शेवटची तार कुठून, असं विचारत राहिल्या. अखेर वरचे साहेब बाहेर आले. इंजिन बिघडल्यामुळे बोट इराणच्या आखातातल्या एका बंदरात अडकली होती. माणसं सुखरूप होती. अनसूयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी ताईंचा हात धरला तो लालबाग येईपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी ताईंनी अनसूयाबाईंच्या खोलीत नकाशा पसरून ते बंदर दाखवलं.

दिवाळीनंतर मुलगा घरी आला. आम्हांला जेवायला बोलावणं आलं. ताईंनी त्या पोराला इंजिनाविषयी इतकं विचारलं, की त्याच्या पानातला भात निवला.

पुढे पाणबुडीवर त्या जिथे जिथे बोलल्या, तिथे शेवटी अनसूयाबाईंचा प्रश्न सांगत. ज्या गुप्ततेवर साऱ्या देशाची राखण, तीच घरच्या माणसांना छळते. याला तोड काय हे पदार्थविज्ञानाला ठाऊक नाही, असं म्हणून त्या खाली बसत.

यंदा ताईंची एकसष्टी. सत्काराला काय हवं, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, “एक व्याख्यान ठेवा. बोलणारं दुसरं कुणी असू दे. मला पुढे बसून प्रश्न विचारायचेत.”

त्यांची दृष्टी आणि कान शाबूत राहोत, जिने चढायचं बळ पायांत राहो, आणि त्यांच्या प्रश्नांनी आम्ही अजून पुष्कळ वर्षं अडचणीत येत राहावं, ही त्या गणरायाचरणी प्रार्थना.