रस्ता सगळ्यांचा, कडेची जमीन कुणाची?

या सुट्टीत कोकणाऐवजी चौसाळ्याला जायचं, हे मी वर्गातच ठरवलं. मी पुण्यात समाजशास्त्र शिकवते. देश एवढा पुढे चाललाय तर गरिबी का हटत नाही, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. वाढ हळूहळू खालपर्यंत झिरपते, हे पुस्तकातलं एक उत्तर. जमीन, जात आणि ओळखी ज्यांच्याकडे, तेच ती वरच्यावर अडवतात, हे दुसरं. मला दुसरं पटतं. पण ते माझ्याच माणसांत तपासायचं होतं. माझ्या चुलतभावाचं, दत्तादादाचं, चौसाळ्याला हायवेवर हॉटेल आहे.

पुण्याहून अहिल्यानगर, जामखेड, पाटोदामार्गे गेलात तर पहाटे निघा, दुपारच्या जेवणाला पोचता. दादाकडे ज्वारीची भाकरी, शेवग्याची आमटी होती, पण नेहमीची चव नव्हती. वहिनी म्हणाली, मंगल सोडून गेली.

मंगल गावातल्या बौद्ध वस्तीतली. हॉटेल उघडलं तेव्हापासून चूल तिच्याकडे. दिवाळीत तिने शेजारची रिकामी शेड भाड्याने मागितली. स्वतःच्या नावाची पाटी लावून खानावळ काढायची होती. दादाने नाही म्हटलं. तिचं नाव वाचून गाड्या थांबणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याच गाड्यांतली माणसं इतकी वर्षं तिच्याच हातचं जेवत होती.

मी विषय काढला तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "माधुरी, ज्याला काम करायचंय त्याला हितं काय कमी हाय? रस्ता तर सगळ्यांसाठीच झालाय."

"रस्ता सगळ्यांचा, पण कडेची जमीन आजोबांपासून आपली. तिने फुकट नाही, भाड्याने मागितली. तेही दार तू लावलंस."

तो हात धुऊन गल्ल्यावर जाऊन बसला. वहिनी भाकऱ्या झाकत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडून मंगलचा पत्ता घेऊन केजला गेले. थेट गाडीची वाट पाहू नका; जीपने मांजरसुंब्याला उतरा, तिथून एसटी मिळते. तहसीलमागच्या गल्लीत मंगलची छोटी खानावळ आहे. कारकून, ड्रायव्हर, बाजाराला आलेले शेतकरी. मला बाकावर जागा मिळायला वेळ लागला. सुरुवातीला काहीजण आडनाव विचारून उठून गेले, असं तिने सांगितलं. बाकीचे राहिले, रोज येऊ लागले. जेवण पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा स्वस्त, आणि आमटी तीच, लई झणझणीत.

गिऱ्हाईक ओसरल्यावर ती शेजारी बसली. "धंदा चाललाय, ताई. पण पोरी तिकडं आईजवळ, आन् मी हितं."

मी पुण्याला परतले आणि काही दिवसांनी वहिनीचा फोन आला. शेडची जागा कागदोपत्री तिच्या नावावर होती. दादाने कधीतरी सोयीसाठी केली होती. ती मंगलला भाड्याने द्यायची, हे तिने ठरवलं होतं. दादा रुसला, जेवला नाही, मग जेवला. मी मंगलला कळवलं. ती म्हणाली, "यीन. पण भाडेकरू म्हणून. सैपाकीण म्हणून न्हाई."

वहिनीला ते मान्य होतं.

एका शेडने जिल्हा बदलत नाही, हे मला कळतं. वहिनीच्या नावावर जमीन होती म्हणूनच ती देऊ शकली. म्हणजे दुसरं उत्तरच खरं ठरलं. वर्गात मी ते आता न अडखळता सांगते. अडवणारी माणसं असतात, तशी अडवलेलं मोकळं करणारीही असतात, एवढं त्यात जोडते.

चौसाळ्यावरून गेलात तर मंगलकडे जेवा. जरा लवकर पोचा. दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही.