सरजाआक्काचे दोन कॅन

सरजाआक्का माझी थोरली जाऊ. त्या दिवशी मी तिच्यावर जितकी चिडले, तितकी उभ्या जन्मात नवऱ्यावरबी चिडले न्हाई.

दुष्काळाचं साल. विहिरी आटलेल्या, टँकर कवा येईल त्याचा नेम न्हाई. आक्काच्या दारात देवणी जातीची गाय, दिवस भरत आलेली. भाऊजी ऊसतोडीला गेलेले. मग ही बाई चाळिशीत सायकल शिकली! कॅरेजला दोन कॅन बांधले आन् छोट्या रेल्वेच्या जुन्या बांधावरनं पाणी आणू लागली. रूळ कवाच उपटून नेलेत, पण बांध सपाट हाय. तीन कोसांवर एका मळ्यात बोअर चालू होता. गाय त्याच पाण्यावर जगून राहिली होती.

त्याच बांधावरनं सायकलवाले आले. नांदेडहून निघालेले, जळकोट, देवणी, लातूर करत. पाठीवर छापलेलं, ‘नवा जिल्हा झालाच पाहिजे’. घ्या! जिल्हा झाला की विहिरी भरणार जणू!

आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. आक्कानं भरून आणलेले दोन्ही कॅन पुढं ठेवले. माझं डोकंच फिरलं! गाईच्या तोंडचं पाणी असं वाटती म्हंजे काय? मी डोळे वटारले तर म्हणते, "लांबनं आलेत गं."

प्यायले. पिऊ दे, तहान कुणाला चुकली न्हाई. पण मेल्यांनी उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं, एकानं तर चाकं धुतली! तिकडं गाय दाव्याला हिसके देऊन हंबरून राहिलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज हाय का? गाभण गाईचं पाणी हाय ते!"

त्यांचा म्होरक्या रेणुकादास ओशाळला. "मावशी, आम्हाला वाटलं नळाचं आहे."

"नळ?" आता मात्र आक्का भडकली. स्वतःची सायकल तिनं त्याच्या हातात दिली. "धर हँडल. चल माझ्यासंगं."

दिवस कलल्यावर दोघं परतले. भरल्या कॅनची सायकल त्याला चालवता येईना, सगळी वाट ढकलत आणली. मागनं आक्काचा हात. गड्याचा शर्ट पिळून काढावा असा झालेला. मला कीव बीव काही आली न्हाई.

गाईनं बादलीत तोंड घातलं ते वर काढलंच न्हाई. दोन्ही कॅन संपले. रेणुकादास उंबऱ्यावर टेकला, म्हणाला, "झालं बाबा एकदाचं."

आक्कानं रिकामे कॅन उचलून पुन्हा कॅरेजला बांधले.

"आता कुठं, मावशी?"

"ते गाईचं झालं. माणसांनी काय प्यावं? हो बाजूला."