नवाब पेंटरची राजकन्या

नवाब पेंटरनं आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नाही. तरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जुन्नर-आंबेगावातली पोरं गेमसाठी आईबापांच्या मागं हात धुऊन लागायची, ती त्याच्यामुळंच.

झालं असं, की नारायणगावचा एक व्यापारी मुंबईहून टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी पोत्यानं आणायचा. कॅसेटी नुसत्याच, उघड्या. त्यांना खोकी हवीत आणि खोक्यावर झकास चित्र हवं, म्हणून तो जुन्नरला नवाबकडं आला. गेम कसा असतो हे दाखवायची तसदी काही त्यानं घेतली नाही, कागदावर नावं तेवढी लिहून दिली. मग नवाबनं आपल्या मनानंच रंगवलं. कुस्तीच्या गेमवर वारूळवाडीचा एक पैलवान आला. ड्रॅगनच्या गेमवर मागं शिवनेरीचा कडा, वर घोरपडीच्या अंगाचा ड्रॅगन आणि पुढं तलवार उपसलेली राजकन्या. घरी नेऊन कॅसेट लावली की पडद्यावर चार ठिपके टुणटुण उड्या मारायचे. पण एकाही पोरानं फसवलं म्हणून खोकं परत आणलं नाही. खोकं मांडीवर घ्यायचं, चित्र बघायचं, की त्या ठिपक्यांतच सगळं दिसायला लागायचं. आताच्या गेममध्ये माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो म्हणे. दिसू दे बापडा, पण पोरांनी मनानं भरायला काही शिल्लकच ठेवत नाहीत.

राजकन्या म्हणजे नसीम, नवाबची बायको. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. चूल उरकून ती दोन दुपारी हातात लाटणं धरून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि हसू आवरेना म्हणून चारदा ओरडाही खाल्ला.

नसीम गेल्या वर्षी वारली. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना फोटो काढणं पसंत नव्हतं, त्यामुळं लग्नाचा एकही फोटो नाही. जे आहेत ते आधारकार्डावरचे आणि मोबाइलमधले, म्हणजे आजारपणातले. मुलगी फरहा घोडेगावला नोकरी करते. तिला एका मैत्रिणीच्या माळ्यावर ते ड्रॅगनचं खोकं सापडलं. आईचा तरुणपणचा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहिला तो तिथं. पण तोही नखाएवढा, छपाईत निळा पडलेला. खोकं बापापुढं ठेवून तिनं विचारलं, मूळ चित्र कुठं आहे?

नवाब बराच वेळ खोकं उलटसुलट करत बसला. मग त्यानं सांगितलं. चित्रं तो प्लायच्या फळीवर काढायचा. स्टुडिओवाला चित्राचा फोटो काढून पुण्याला छापखान्यात पाठवायचा, की फळी मोकळी. मोकळी फळी नुसती ठेवून देणं पेंटरला परवडायचं नाही. पांढरा हात मारून तिच्यावर पुढची पाटी लिहायची. स्टुडिओ तर कधीच बंद पडला, त्या फोटोंच्या निगेटिव्हही गेल्या. राजकन्येच्या फळीवर मात्र आळेफाट्याच्या कुशाबाच्या गॅरेजची पाटी लिहिली होती, आणि ती अजून तिथं भिंतीला आहे.

फरहाचा चेहरा उजळला. "म्हणजे अम्मी रंगाच्या खाली असंल की, अब्बा."

नवाबला लगेच हो म्हणवेना. पांढरा हात मारण्याआधी फळी पॉलिशपेपरनं घासून पार कोरी करायची, ही त्याची पद्धत. नाही घासली तर नवा रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. बाकीचे पेंटर हे टाळायचे, नवाब टाळायचा नाही. त्याच्या पाट्या वीस-वीस वर्षं टिकायच्या, आणि त्याचा त्याला तोरा होता. पण कुशाबाचं काम घाईचं होतं, दुसऱ्याच दिवशी गॅरेजचं उद्घाटन होतं, एवढं त्याला आठवत होतं. कदाचित त्या दिवशी घासायचं राहिलं असेल. तेवढ्या आशेवर रविवारी बापलेक एसटीत बसले. आजवर नवाबनं अल्लाकडं बरंच काही मागितलं असेल. आपल्या हातून एक काम वाईट झालेलं असू दे, हे त्यानं पहिल्यांदाच मागितलं.

कुशाबानं आढेवेढे न घेता पाटी काढून दिली. खरवडून झाल्यावर आपलं नाव तेवढं पुन्हा लिहून द्या, म्हणाला. वर कौतुकानं फळीवर थाप मारली. "लई वर्सं झाली नवाबभाई, पर रंग कुठं हलला न्हाई बगा."

ते ऐकलं आणि नवाबला जे समजायचं ते समजलं. तरी त्यानं थिनरचा बोळा फिरवला, आणि जिथं चेहरा असायला हवा होता तिथं हलक्या हातानं पातं धरलं. वरची अक्षरं गेली. मग पांढरा गेला. खाली लाकूड लागलं. चार बोटं सरकून पुन्हा खरवडलं, पुन्हा लाकूडच. एका चिरेत लाल रंगाचा कण अडकला होता. तो नसीमच्या ओढणीचा की ड्रॅगनच्या जिभेचा, हे नवाबलाही सांगता येईना.

"घाईतबी घासलीच व्हती मी," तो म्हणाला, आणि तिथंच टायरवर बसला.

फरहानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाऊ द्या, तुम्ही पुन्हा काढा, अम्मी तुम्हाला आठवत असेलच की, असं काहीबाही समजुतीचं बोलली. नवाबनं मान हलवली. डोळे मिटले की त्याला दिसायची ती दवाखान्यातली नसीम. त्याआधीची काही केल्या दिसत नव्हती.

"तिनं इचारलं व्हतं मला," तो खाली बघत म्हणाला. "माजं चित्र कुठं गेलं म्हणून. पुसलं म्हणायला धीर झाला न्हाई. मी सांगितलं, व्यापाऱ्यानं मुंबईच्या हापिसात लावलंय, काचेत."

फरहा त्याच्या शेजारी टायरवर टेकली.

"लई खूश झाली व्हती. मग दर ईदला म्हनायची, एकदा न्हेऊन दाखवा की. मी म्हनायचो, जाऊ. दवाखान्यातबी म्हनाली, बरी झाले की जाऊ. तवाबी मी व्हय म्हनालो."