एका माणसाला बावीस घोडे

आमची पहिली मोटार सुरू करायला दोन माणसं लागत. एकाने पुढे उभं राहून हँडल मारायचं आणि दुसऱ्याने आत बसून स्टिअरिंगच्या चाकाखालच्या दोन दांड्या सांभाळायच्या. डावी दांडी वर ठेवायची, नाहीतर हँडल उलटा फटका देतं आणि मनगट मोडतं. इंजिनाने धरलं की तीच दांडी चटकन खाली ओढायची आणि उजवीने पेट्रोल सोडायचं, नाहीतर धरलेलं इंजिन पुन्हा मरतं. आमच्या घरात हँडल माझ्याकडे होतं आणि दांड्या बायकोकडे. इंजिन गुरगुरलं की ती आतून ओरडायची, "धरलं हो!" जसा काही मी बहिराच. मग ती उतरायची, मी बसायचो आणि कापूस बघायला गावोगाव निघायचो. वाटेत तापलेलं इंजिन एकट्याच्या हँडललाही धरायचं, दोन माणसं लागत ती सकाळच्या थंड इंजिनाला.

मी धुळ्यात राहून मुंबईच्या एका गिरणीसाठी कापसाची खरेदी करत असे. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची, तंतू किती लांब ते पाहायचं, आणि समोरचा शेतकरी काहीही म्हणो, आपला भाव सांगून मोकळं व्हायचं. या धंद्याने माझी जीभ तिखट केली होती. गल्लीत माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे आणि मलाही त्याची गरज वाटत नसे. कुणाकडे बारसं, कुणाकडे आजारपण, कुणाला लोणचं द्यायचं, हे सगळं खातं बायकोकडे होतं. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही.

एका भाद्रपदात तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी मी एकटा. सकाळी चहा केला तर तो सवयीने दोन कप झाला आणि मी रागारागाने दोन्ही प्यायलो. राग कुणावर, ते विचारू नका.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा मोटारीचा प्रश्न आला. हँडल मारायचं आणि धावत आत शिरायचं, तोवर इंजिन मेलेलं असायचं. पुन्हा खाली, पुन्हा हँडल. गल्लीतले लोक ओट्यावरून बघायचे. कुणी येऊन आत बसलं असतं तर काम झालं असतं, पण मी कुणाला बोलावलं नाही आणि माझ्या तोंडाकडे बघून कुणी आपणहून आलं नाही. शेवटी इंजिन कामातून गेलं असं मीच जाहीर केलं आणि गाडी भंगारात दिली. तो हंगाम आणि पुढचा हंगाम भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत, दाटीवाटीने, कोंबड्यांच्या खुराड्यांना गुडघे लावून, असा काढला.

मग गिरणीच्या साहेबांनी सांगितलं की स्वतःचं वाहन नसेल तर दुसरा माणूस नेमावा लागेल. दोंडाईच्याला एका मारवाडी शेठजींच्या जिनिंगच्या आवारात दोन जुन्या मोटारी विकायच्या आहेत असं कळलं. मी गेलो.

दोन्ही गाड्या कडुनिंबाखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक छोटी विलायती, चार सिलिंडरांची, सात घोड्यांच्या ताकदीची. दुसरी लांबलचक अमेरिकन, सहा सिलिंडरांची, बावीस घोड्यांची. शेठजी जाडजूड आणि हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं, ताक दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"घरात माणसं किती, साहेब? त्यावर इंजिन ठरतं."

"दोन," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं, पण शेठजी पुढे बोलूही लागले होते.

"मग छोटीच न्या. मी माझा माल विकतोय, तरी खरं सांगतो. मोठी पेट्रोल पिते म्हणजे काय, म्हैस पाणी पिते तशी. आमची घरची माणसं अकरा, म्हणून ती ठेवली होती. तुम्हा दोघांना काय करायची?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. छोट्या गाडीच्या बाजूने सगळंच होतं. मी उठलो, तिच्या पुढे गेलो, हँडल घातलं आणि अर्धा फेरा दिला. तेवढ्यात ती सुरू झाली. आत कुणी नव्हतं, कुणी दांडी धरली नव्हती. शिलाई मशीन चालावं तशी ती निमूट चालू राहिली आणि मी हातात हँडल घेऊन तिच्यासमोर उभा. एकट्या माणसासाठी याहून सोयीची गाडी देवानेसुद्धा केली नसती. मला ती बिलकुल आवडली नाही.

"आता मोठी बघू," मी म्हणालो.

"बघा, पण तिचा सेल्फ मेलाय. हँडल मारावं लागेल, आणि ते एकट्याचं काम नाही." एवढं बोलून शेठजी पगडी सावरत स्वतःच आत चढून बसले. "मारा!"

त्या इंजिनाला फिरवणं म्हणजे उसाचा चरक बैलाशिवाय फिरवणं. पहिल्या फेऱ्याला ते खोकलं, दुसऱ्याला गप्प राहिलं. तिसऱ्याला खांद्यातून कळ आली आणि एकदम सगळी गाडी थरथरली. शेठजी आतून ओरडले, "पकडलं! साहेब, पकडलं!"

मी रेडिएटरला हात टेकवून खाली वाकलो. धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं. खरं तर धूर मागच्या बाजूने जात होता. मोटारीपाशी माझ्यासाठी कुणी ओरडलं त्याला दोन वर्षं उलटून गेली होती.

मी मोठी घेतली. शेठजी माझ्याकडे बघतच राहिले. धुळ्याच्या कापूस बाजारात तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. "एका माणसाला बावीस घोडे! वरातीला जाता का काय?" असं जो तो विचारी. मी पांझरा नदीच्या वाळूचं आणि काळ्या मातीतल्या चिखलाचं कारण पुढे करत होतो. मोठं इंजिन तिथे अडत नाही, हे खोटं नव्हतंच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर गाडी उभी करून, हँडल हातात घेऊन मी गल्लीत उभा राहिलो, तेव्हा वाळू नाही की चिखल नाही, साधी माणसाचीच अडचण होती. कुणाला तरी हाक मारायला हवी होती. समोरच्या घरात एक अक्का राहायच्या. मुलगा-सून शेतावरच्या घरी, इथे त्या एकट्याच. बायकोबरोबर त्या पापड लाटायच्या, एवढीच मला त्यांची ओळख. रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला! कापसाचा भाव पाडताना कधी न अडखळलेला मी, दारात उभा राहून घसा खाकरत होतो.

"अक्का, जरा गाडीत बसता का?"

"माले कथा ली जास रे भाऊ?" त्या दचकून म्हणाल्या. कुठे नेतोस मला?

कुठे नेत नाही, नुसतं बसायचं, असं सांगून मी त्यांना दांड्या दाखवल्या. त्या पाय वर घेऊन, पदर डोक्यावरून घट्ट ओढून देवघरात बसावं तशा बसल्या. मी हँडल मारलं. इंजिनाने धरलं आणि अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "धरं! भाऊ, धरं!" उतरल्या, लुगडं झटकलं आणि अगदी सहज विचारलं, "जेवना का?"

जेवलास का. मी नाही म्हणालो, कारण खरंच जेवलो नव्हतो. त्यांनी भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. शिरपूरच्या वाटेवर गाडी थांबवून ती खाताना मी रडलो, हे आज सांगायला हरकत नाही.

मग तो नेमच झाला. सकाळी मी हँडल घेऊन बाहेर आलो की अक्का हात पुसत उंबऱ्यात यायच्या. आज कथा? आज नरडाणा. उद्या? उद्या शिंदखेडा. संध्याकाळी आल्यावर घर पूर्वीइतकंच रिकामं असायचं, त्याला काही उपाय नव्हता. पण सकाळचं एक वाक्य आणि भाकरीचं फडकं एवढं हाताशी असे.

हंगाम संपता संपता मला जळगावला जावं लागलं. तिथल्या मिस्त्रीने ब्रेक बघता बघता, न सांगताच, सेल्फही दुरुस्त करून टाकला. "आता खाली उतरायचं कामच नाही साहेब, पायाने बटण दाबा." त्याचा चेहरा इतका खुशीत होता की मला रागावताही आलं नाही. संध्याकाळी गल्लीत शिरलो तर मध्येच एक म्हैस उभी. ब्रेक दाबला आणि अक्कांच्या दारासमोरच इंजिन बंद पडलं. सवयीने हँडलकडे हात गेला, मग आठवलं. बटण दाबलं. गाडी आपली आपण सुरू झाली. अक्का उंबऱ्यात होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

सकाळी मी बाहेर आलो तेव्हा त्यांचं दार उघडं होतं, पण उंबऱ्यात कुणी नव्हतं. त्या येणार नव्हत्या. कशाला येतील? मी आत बसून बटणावर पाय ठेवला. दाबला असता तर पुढच्या क्षणाला पांझरेच्या पुलाकडे निघालो असतो, सात घोड्यांच्या गाडीतून निघावं तसा.

मी खाली उतरलो. बॉनेट उघडलं, सेल्फची वायर उपसून काढली आणि तिच्या टोकाला चिंधी गुंडाळली. बॉनेट खाली टाकून वर पाहिलं तर समोर अक्का त्यांच्या खिडकीशी उभ्या. कधीपासून होत्या कुणास ठाऊक.

"अक्का," मी म्हणालो, "आज धरत नाही हो."

त्या हात पुसत आल्या, पाय वर घेऊन बसल्या, पदर ओढला, दांडी वर केली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "धरं! भाऊ, धरं!"

मी अजून हँडल घातलंसुद्धा नव्हतं.