पाखऱ्याच्या सौद्यावरच्या दोन सह्या

“मॅडम, वाचताय काय एवढं? दोन सह्या हायत, दोन साक्षीदार हायत. शिक्का मारा, म्हंजी आमी निघतो.”

संग्रामशेठ घाईत होते. मी नव्हते. मी कागद पहिल्या ओळीपासून वाचत होते, कारण मी फी त्याचीच घेते.

तासगावच्या कोर्टाजवळ माझं छोटं ऑफिस आहे. मी वकील आहे आणि नोटरीही. लोकांना वाटतं, नोटरी म्हणजे शिक्का. प्रत्यक्षात काम असं असतं : सही करणारा माणूस समोर हवा, तो तोच आहे याची खात्री हवी, आणि कागदात काय लिहिलंय ते त्याला कळलेलं हवं. यातलं एक जरी नसलं तरी शिक्का ड्रॉवरमध्येच राहतो.

कागद पाचशेच्या स्टॅम्पवर होता. शर्यतीचा खोंड, नाव पाखऱ्या. किंमत एक लाख चाळीस हजार. पैकी विसार, म्हणजे सौदा पक्का करायला आधी दिलेली रक्कम, पन्नास हजार रोख. बाकी ‘सवडीने’. ‘सवडीने’ हा शब्द ज्या करारात असतो तिथे मी पेन्सिलीने खूण करते. विकणाऱ्याच्या जागी दोन सह्या होत्या. एक दत्तात्रय नावाच्या माणसाची, ओळ सोडून खाली घसरत गेलेली. दुसरी ऋतुजा नावाच्या मुलीची, गोल आणि शाळकरी.

“हे दोघे कुठे आहेत?”

“घरी. केल्यात की सह्या. आता त्यांचं काय काम?”

“त्यांचंच काम आहे. ही ऋतुजा कोण?”

“फौजीची पोरगी. बैल तिच्याच नावानं पळतोय. उद्या कुणी हक्क सांगायला नको म्हणून तिची बी घेतली. डबल काम.”

इथे एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात बैलगाडा शर्यतीला मैदान म्हणतात, आणि मैदानात गाडी बहुतेक वेळा पोराबाळांच्या नावानं सोडतात. लाऊडस्पीकरवर लेकराचं नाव पुकारलं जातं, घरच्यांना बरं वाटतं. दुपट्यातल्या बाळाच्या नावानंही गाडी पळते. यात वाईट काही नाही. पण पुकारलेलं नाव म्हणजे मालकी नव्हे, आणि हे संग्रामशेठना माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. शिरवळकडे प्लॉटिंगमध्ये त्यांनी पैसा केला. सातबारा बघितल्याशिवाय हा माणूस गुंठा घेत नसणार.

“वय काय तिचं?”

“अकरावीला हाय. चांगली कळती हाय.”

“दोघांना घेऊन या. आधार कार्डं आणा. त्याशिवाय शिक्का नाही.”

ते उठले. दारातून म्हणाले, “वकीलबाई, तुमाला बैलातलं काय कळतंय?”

“बैलातलं नाही कळत. सहीतलं कळतं.”

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच दोघांना घेऊन आले. एवढा आत्मविश्वास कशाचा, ते मला थोड्या वेळानं कळलं.

दत्तात्रयना गावात फौजी म्हणतात. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दाढी घोटलेली, पाठ ताठ. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझी परवानगी घेतली. मुलगी कॉलेजच्या युनिफॉर्मवरच आली होती, दप्तर मांडीवर घेऊन बसली. बैल आधीच शिरवळला शेठच्या गोठ्यात होता.

मी मुलीपासून सुरुवात केली. आधार कार्डावर सोळा पूर्ण.

“ही सही बाजूला ठेवा,” मी शेठना म्हटलं. “अठरा पूर्ण नसलेल्या मुलाचा करार हा करारच नसतो. ती कितीही कळती असू दे. पहिली येत असली तरी.”

“मग आणखी दीड वर्षानं घेऊ की पुन्यांदा तिची मंजुरी. तवर हीच धरा.”

“धरता येत नाही. जो करार जन्मालाच आला नाही त्याला नंतर मंजुरी देता येत नाही. अठराची झाल्यावर तिला वाटलं तर नवा करार करेल. तोही बैल तिचा असला तर.”

मग मी मुलीला विचारलं, सही कुठे केलीस?

“घरी. मैदान झालं त्या दिवशी दिवस मावळताना हे पिकअप घेऊन आले. म्हणले, पप्पांनी बैल विकलाय, पैसे घेतल्यात. बैल तुझ्या नावावर पळतोय म्हणून तुझी सही लागती. न्हाई केलीस तर पप्पांवर फसवणुकीची केस हुईल.”

“पप्पा कुठे होते?”

ती खाली बघत म्हणाली, “पिकअपमधी. मागं. पिऊन आडवे पडले हुते.”

मी शेठकडे पाहिलं. ते मोबाईल बघत होते. मी पंचवीस वर्षं या कामात आहे. खोटे आधार पाहिलेत, मेलेल्या माणसांचे अंगठे पाहिलेत. पण बाप गाडीत आडवा आणि पोरीच्या हातात पेन, हे कधी पाहिलं नव्हतं. घरात मलाही मुलगी आहे.

शेठ शांतपणे म्हणाले, “बरं, पोरीची सही सोडा. बैल बापाचा, सही बापाची. झालं की.”

दुर्दैवानं ते बरोबर बोलत होते. मी बैलाच्या कानातल्या टॅगची नोंद विचारली. जनावरांच्या दवाखान्यात ती दत्तात्रय यांच्या नावावर होती. म्हणजे मालक तेच, आणि आता सगळा भार त्या घसरत गेलेल्या सहीवर.

प्यायलेल्या माणसानं केलेला करार आपोआप रद्द होतो असं लोक समजतात. तसं नाही. कायदा म्हणतो, माणूस इतका प्यायलेला असला पाहिजे की कराराच्या अटी त्याला कळत नव्हत्या, किंवा आपलं हित-अहित ठरवण्याइतकी बुद्धी चालत नव्हती. तसं असेल, तर तेवढ्या वेळापुरता तो करार करायला अपात्र. दोन पेग घेऊन शुद्धीत सौदा केला आणि सकाळी पश्चात्ताप झाला, तर कायदा मदतीला येत नाही, आणि येऊही नये. शिवाय अल्पवयीन असल्याचं कार्ड दाखवता येतं. शुद्धीत नसल्याचं कार्ड नसतं. ते सिद्ध करावं लागतं, आणि ज्याची शुद्ध गेली होती त्यालाच.

“फौजी, सही केली तेव्हा तुम्ही शुद्धीत होता?”

“होतो.”

शेठनी मोबाईल खिशात ठेवला. त्यांचा आत्मविश्वास यावर होता.

“पुन्हा विचारते. यात तुमचं नुकसान आहे.”

“मॅडम, मी फौजेत नोकरी केलीय. मैदान मारलं, खुशीत थोडी घेतली. बेवडा न्हाई मी. शब्द दिला आसंल तर दिला.”

“‘असेल’ नको. दिला का?”

फौजींनी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, “चारचौघात दिलाय की. फौजी, आता बाईमाणसापुढं शब्द फिरवणार का काय?”

त्या क्षणी मला शेठपेक्षा फौजींचा जास्त राग आला, हे लिहून टाकते. दारूनं त्यांची बुद्धी काही तास नेली असेल. ताठ्यानं ती अजून परत दिली नव्हती.

मी नियमाप्रमाणे कागद मोठ्यानं वाचायला घेतला. नाव, गाव, बैलाचं वर्णन. किंमत वाचली आणि फौजींची मान वर झाली.

“किती म्हणालात?”

“एक लाख चाळीस हजार.”

“परत वाचा.”

मी परत वाचलं. मुलगी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. “नऊ लाखाला मागत हुते, पप्पा. दिवाळीत. तवा तुमी म्हणला, पोरगी विकतंय का कुणी.”

शेठ हसले. “बाजार पडलाय बाळ. पप्पांनी इचार करूनच दिलाय. व्हय का न्हाई फौजी?”

फौजींना शब्द फिरवायचा नव्हता आणि तो आकडा गिळता येत नव्हता. मग मुलीनं दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्याकडं व्हिडिओ हाय. त्यांच्याच माणसानं स्टेटसला ठेवला हुता. मैत्रिणीनं पाठवला. पण मी दाखवणार न्हाई.”

“कसला व्हिडिओ?” फौजींनी विचारलं.

“तुमचा.”

ती पोरगी इतके दिवस तो दप्तरात घेऊन फिरत होती. बैल परत मिळवायचं साधन तिच्या हातात होतं, आणि बापाची लाज जाऊ नये म्हणून तिनं ते कोणाला दाखवलं नव्हतं. शेठ म्हणाले, “पोरांचं मोबाईलवरचं काय घेऊन बसता,” आणि उठायला लागले.

“बसा शेठ,” फौजी म्हणाले. मग मुलीला, “दाखव.”

“नको, पप्पा.”

“दाखव बाळ. मलाबी बघू दे.”

ढाब्यामागची जागा. प्लास्टिकच्या खुर्चीत फौजी, डोकं एका खांद्यावर. कोणीतरी त्यांच्या बोटांत पेन अडकवतंय, दुसरा मनगट धरून कागदावर नेतोय. सही होते. मग फौजी पिकअपच्या ड्रायव्हरचा दंड पकडतात. “गड्या, मिरवणूक झाली की आणून सोड रं. सकाळी त्याला दूध लागतंय. थंड देऊ नगंस.” आजूबाजूला हसण्याचा गलका. आणि एक आवाज, माझ्या समोरच्या खुर्चीतला : “व्हय फौजी, सोडतो की.”

फौजींनी तो शेवटपर्यंत पाहिला. मान खाली घातली नाही.

“मॅडम, लिवा,” ते म्हणाले. “मला काय बी कळत नव्हतं. बैल मिरवणुकीला चाललाय असं वाटलं मला. किंमत आज तुमी वाचल्यावर कळली. कोर्टात इचारलं तरी हेच सांगीन.”

त्यांनी शर्टाच्या आतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “ह्यो त्यांचा विसार. दुसऱ्या दिवशी खिशात घावला. मंडळींनी घरात कुणाला हात लावू दिला न्हाई.”

“मी काय जबरदस्तीनं पाजली व्हय?” शेठचा आवाज चढला. “सोताच्या पायानं आला, सोताच्या हातानं पेला.”

“पाजली कोणी, हे मी विचारलंच नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला काय कळत होतं, ते दिसलं. बैल मिरवणुकीला जातोय असं हा माणूस समजतोय, हे ऐकून तुम्ही ‘व्हय’ म्हणालात. आता करारच नाही, तर ज्यानं जे घेतलं ते परत करायचं. त्यांनी पैसे समोर ठेवलेत. तुम्ही बैल परत द्या.”

“कोर्टात जावा. दहा वर्सं लागत्यात.”

“लागू देत. शिक्का मी देत नाही, आणि का देत नाही ते माझ्या रजिस्टरला लिहिते. दोघांना इथे तुम्हीच आणलंत, हेही लिहिते.”

ते विसार न घेता निघून गेले. मी फौजींना नोटीस लिहून घ्यायला माझ्या ओळखीच्या एका वकिलाचं नाव सांगितलं. मी स्वतः लिहिली नाही. नोटरी म्हणून ज्या कागदाला मी हात लावला, त्याच्याच भांडणात वकील म्हणून उभं राहणं मला पटत नाही.

कोर्टात जावं लागलं नाही. याचं श्रेय मी कायद्याला देणार नाही. बैल वादातला आहे ही बातमी मैदानवाल्यांत पसरली, आणि पाटणकडच्या एका आयोजकानं शेठच्या गाडीची नोंदच घेतली नाही. भांडणाचा बैल पळवला की मैदानात काठ्या निघतात, म्हणून ते टाळतात. जो बैल पळत नाही तो शेठना फक्त खुराक खाणारं जनावर. नोटिशीची मुदत संपायच्या आत त्यांचा फोन आला.

सौदा रद्द केल्याचा कागद माझ्याच ऑफिसात झाला. बैल आधी फौजींच्या गोठ्यात बांधला गेला, मग सही. तो कागद मी पूर्ण वाचला आणि या वेळी कोणी घाई केली नाही. शेठनी विसार मोजून घेतला. सवयीनं त्यांनी पेन मुलीपुढे केलं. फौजी म्हणाले, “तिची नको. ती ल्हान हाय.” मुलीनं बारीकसं तोंड वाकडं केलं. पाखऱ्या पुढच्या मैदानात पळाला. पहिला आला नाही. बरगड्या दिसत होत्या म्हणे.

एक गोष्ट मात्र मला अजून पटत नाही. त्या पहिल्या कागदावर दोन साक्षीदार होते. व्हिडिओत दोघेही दिसतात, दोघेही सरळ उभे आहेत. पेन धरवणारा एक, मनगट धरणारा दुसरा. त्यांच्यावर काही झालं नाही. गावात आजही लोक म्हणतात, फौजींनी प्यायला नको होतं. बरोबरच आहे, नको होतं. पण ढाब्यामागे त्या दिवशी एक माणूस प्यायलेला होता आणि बाकीचे शुद्धीत, आणि पाप कोणी केलं ते मला व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

कायदा दीडशे वर्षं जुना आहे, पण तो आपण होऊन कोणाच्या गोठ्यात येत नाही. ‘मला कळत नव्हतं’ हे वाक्य माणसानं स्वतः, पुऱ्या शुद्धीत, चारचौघांसमोर बोलावं लागतं. फार थोडे बोलतात.

बाकीच्यांसाठी सल्ला सोपा आहे. सही घेण्याआधी समोरच्याचं वय विचारावं आणि तोंडाचा वास घ्यावा. दोन्हीला स्टॅम्प लागत नाही.