टॅमरिंड ग्रोव्ह

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण घरात आमटीसाठी चिंचेचा कोळ काढला की त्या आंबट वासानं मला खराडीतली एक दुपार आठवते. तेव्हा मी एका बिल्डरकडे नोकरीला होतो आणि नव्या इमारतींना इंग्रजी नावं सुचवणं हे माझं काम होतं. त्या जागेवर जुनी चिंच होती, म्हणून मी 'टॅमरिंड ग्रोव्ह' सुचवलं होतं. जागेची मालकीण असलेली म्हातारी चिंचेखालीच बसली होती. सासूनं लावलेलं झाड राहणार असेल तरच करारावर अंगठा देईन म्हणून अडून. मी तिला नाव वाचून दाखवलं. "म्हंजे काय रं?" "चिंचेची बाग, आजी." "एका झाडाची बाग? लईच शिकलेला दिसतोस!" ती हसली आणि मग हळूच म्हणाली, "झाड ऱ्हाईल न्हवं?" "अहो, नावच झाडाचं आहे, तोडेल कोण?" नकाशात नेमका तिथंच पार्किंगचा उतार दाखवलेला मी सकाळी पाहिला होता. तिनं अंगठा दिला आणि माझ्या हातात मूठभर गाभुळलेल्या चिंचा ठेवल्या. आषाढात ती चिंचेखालच्या मरीआईला नैवेद्य घेऊन आली, तोवर पत्र्याच्या कुंपणाआड झाड तोडून झालं होतं. वॉचमननं विचारलं, "कुणाकडे जायचंय?" "चिंचेकडं." त्यानं वरच्या 'टॅमरिंड ग्रोव्ह'च्या पाटीकडे बोट दाखवलं. तिला ती वाचता येत नव्हती. मी साइटवरच्या ऑफिसच्या काचेतून पाहत राहिलो, बाहेर गेलो नाही. ती अजून गावठाणात राहते. तिच्यासमोर बसून "मला तेव्हाच माहीत होतं" एवढं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.