ओटीतले चार दाणे

बाळ गेलं आणि मी राहिले. याला देवीची कृपा म्हणायची का, हे मला कित्येक महिने कळत नव्हतं. आजही पूर्ण कळलंय असं नाही.

खूप वर्षं वाट बघितल्यावर गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला दिवस राहिले. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, असं सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरकडेही पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मानपाड्याच्या आमच्या घरी घट मांडला, संध्याकाळी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सकाळपासून ओटीपोटात एका बाजूला दुखत होतं. "उपासाचं पित्त असेल," सासूबाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. देवीपुढे बसून एकच मागितलं, एवढं बाळ सांभाळ गं बाई.

शेजारच्या वहिनींबरोबर त्यांची कल्याणची नणंद आलेली, शैलाताई. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ती दाराशी, सगळ्यांच्या मागे बसली. पोटी मूल नाही म्हणून सासरी तिची ओटी कायम शेवटी भरायचे, त्यामुळे तिला मागे बसायची सवयच लागलेली, हे मला नंतर समजलं. तिची ओटी भरायला वाकले आणि खांद्यात अशी कळ आली की हातातला नारळ खाली पडला. "अगंबाई, अपशकुन!" कुणीतरी बोललंच. शैलाताईने नारळाकडे बघितलंही नाही. माझं मनगट धरून हळूच विचारलं, "पाळी चुकलीय का गं?" सासूबाई डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होत्या. मी मान हलवली.

"माझंही असंच झालेलं. हे पित्तबित्त नाही. आत्ताच्या आत्ता चल."

रिक्षात माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. अंगाला गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. सासूबाई बाजूला बसून रडत होत्या. दवाखान्यात तपासल्यावर कळलं, गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत रुजला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साठत होतं; खांद्यातली कळही त्याचीच. "शेवटचं काय खाल्लं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "सकाळचा चहा फक्त, उपास आहे." "बरं झालं, रिकाम्या पोटी भूल द्यायला सोपं," त्या म्हणाल्या आणि मला आत घेतलं. नवरा ठाण्याहून पोचला तेव्हा ऑपरेशन सुरू होतं. ते बाळ कुणालाच वाचवता आलं नसतं, आणि थोडा उशीर झाला असता तर मीही गेले असते, असं डॉक्टरबाईंनी त्याला नंतर सांगितलं.

घरी आल्यावर मी देवीशी खूप भांडले. तुझ्याकडे मागितलं आणि त्याच दिवशी नेलंस? देवघराकडे पाठ करून बसायचे, दिवासुद्धा लावायचे नाही. पण भांडून दमले की दाराशी बसलेली ती बाईच आठवायची. मी पाटावरच्या देवीला विनवत होते तेव्हा ती घरात येऊन मागे बसली होती, मला एवढंच वाटतं. वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही.

यंदा मार्गशीर्षात सासूबाईंनी स्वतः फोन करून शैलाताईला बोलावलं आणि पाटावर सगळ्यांत आधी बसवलं. मी तिची ओटी भरली. रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे तिने परत माझ्या पदरात घातले आणि म्हणाली, "रडून घे गं." मग आम्ही दोघी देवीसमोर पोटभर रडलो.

मी या वेळी काही मागितलं नाही. तू ठेवशील तशी राहीन, एवढंच म्हटलं. ते दाणे रात्रीच्या भातात टाकले, आणि शैलाताईला जेवूनच जायला लावलं.